रहस्यपटाला बसलेला प्रॉम्प्टर

आमची नाटक कंपनी बुडाली तेव्हा कोल्हापुरात स्टुडिओ होते, म्हणून बऱ्याच नटांची सोय झाली. माझी झाली नाही. मी चाळिशी उलटलेला स्त्रीपार्टी. असल्या नायिकेपुढे कॅमेरा कोण लावणार? पण खरी पंचाईत झाली नृसिंहअण्णांची. ते आमचे प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटाला पुढचं वाक्य द्यायचं, आणि असं द्यायचं की ते नटाला ऐकू जावं, पहिल्या रांगेला नाही. सिनेमावाल्यांना त्याची गरज नव्हती.

कुणाच्या तरी शब्दावर त्यांना गावातल्या एका साप्ताहिकात चित्रपटांवर लिहायचं काम मिळालं. पन्नास सालानंतर रहस्यपटांचं पीकच आलं होतं. दर आठवड्याला नवा बंगला, नवं प्रेत. अण्णा सगळे बघत आणि दमून बाहेर येत.

"बाळासो," ते मला म्हणत, "खुनी कोण हे मला दुसऱ्या रिळालाच कळतं. ज्याला काही काम नाही, नुसता कोपऱ्यात पान खात बसलाय, तोच. अरे, कंपनी कुठल्या नटाला फुकट जेवायला घालते व्हय?"

"मग कशाला बघताय?"

"एखादा तरी मला फसवील म्हणून. आणि माणूस मरतं रे त्यात, पण प्रेताजवळ कुणी बसत नाही. सगळे बॅटऱ्या घेऊन पळत सुटतात. भीती घालतात, दुःख कुणालाच नाही."

लिहिताना अण्णांनी खुन्याचं नाव कधी फोडलं नाही. फोडायचे ते थेटरात. पडद्यावरचा नट जरा थांबला की अण्णांच्या तोंडून पुढचं वाक्य निघायचं. जन्मभराची सवय ती. लोक आधी हसायचे, मग चिडायला लागले. शेवटी मॅनेजर गणपतरावांनी त्यांना गाठलं.

"अण्णा, तुमास्नी मान हाय. पर लोकं तिकीट काढून भ्यायला येत्यात की. तुमी आदीच सांगून मोकळं. मग त्यांनी काय नुसत्या शेंगा खायच्या? आता आवाज आला तर पास बंद. मागनं रागावू नका."

पास गेला तर लिहिणं गेलं. आणि कंपनी मोडल्यापासून अण्णांना रस्त्यात कुणी नमस्कार करत असेल, तर तो त्या लिखाणामुळेच. तेव्हा त्यांनी मला गळ घातली. "तू शेजारी बस. मी तोंड उघडलं की हात दाब."

मी बसू लागलो. अण्णा तोंडात सुपारी धरायचे, उपरण्याचं टोक दातात घ्यायचे. काही आठवडे निभावलं. पण खेळ सुटल्यावर त्यांचा चेहरा घाण्याला जुंपून सोडल्यासारखा दिसायचा. "बोलण्यापेक्षा न बोलण्यानंच जास्त शिणायला होतं रे," म्हणायचे.

मग एक रहस्यपट लागला, त्यात आमचा सयाजी होता. कंपनीत तो राजा व्हायचा. देखणा, आवाजाचा खणखणीत, आणि पाठांतराचं त्याला वावडं. अर्धं नाटक तो अण्णांच्या भरवशावर करायचा. आता सिनेमात म्हातारा गडी झाला होता. मालकाचा खून होतो, आणि तो कुणी केला हे त्या एकट्या गड्याने पाहिलेलं.

तीनच्या खेळाला थेटर गच्च होतं. अण्णा शेवटच्या प्रसंगापर्यंत शांत बसले. खुनी कोण हे त्यांना केव्हाच कळलं असणार, पण ओठ हलला नाही. मग फौजदाराने सयाजीला विचारलं, "जिन्यावर कुणाला पाहिलंस?"

वाद्यं थांबली. सयाजीने मान वर केली. ओठ थरथरले, डोळे आमच्या बाजूला वळले आणि तो थांबला. थांबलाच.

मी अण्णांचा हात घट्ट दाबला. काही उपयोग झाला नाही. ते अर्धवट उठले आणि त्यांच्या त्या जुन्या, विंगेतल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना."

त्या शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. लगेच पडद्यावरून सयाजी म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना, सरकार."

सगळं थेटर खदखदून हसलं. पुढे डॉक्टरने पिस्तूल काढलं तरी लोक हसतच होते. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्या, आता गोळी कुणाला लागती तेबी सांग की."

गणपतराव दारात उभे होते. ते काही बोलायच्या आत अण्णांनीच पास त्यांच्या हातात ठेवला. गणपतरावांनी मान खाली घातली.

आम्ही चहाला बसलो. अण्णांनी कप पुढ्यात ओढला. मग विचारलं, "सयाजी विसरला नव्हता ना?"

"न्हाय अण्णा. तिथं थांबायचंच होतं त्याला."

"चांगला थांबला." त्यांनी चहा बशीत ओतला. "माझ्या विंगेसमोर तो असा कधी थांबला नाही. मीच थांबू दिलं नसेल. गप्प झाला की मला वाटायचं, पडला आता. उचलायला धावायचो."

त्या आठवड्यात त्यांनी शेवटचं परीक्षण लिहून दिलं. कथेला चार ओळी, आणि बाकी सगळा मजकूर सयाजीच्या त्या थांबण्यावर. संपादकांनी तो तसाच छापला. पुढे त्या जागी एक शाळामास्तर लिहू लागले, बरं लिहीत.

अण्णा पुन्हा थेटरात गेले नाहीत. मी दुपारी त्यांच्याकडे जायचो तेव्हा बहुतेक ते भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेले असायचे. मी उठवायचो नाही, थांबू द्यायचो त्यांना.