जावईबापूंचा हात

वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी जावईबापूंना शोधायचं. जावईबापू म्हणजे मालकांच्या धाकट्या मुलीचा नवरा. खरं तर ही हाक सासऱ्याने मारायची, पण सासरे दिवसभर तीच मारत असल्यामुळे समोरचा टायरवाला, पार्सल आणून टाकणारा, आसपासचे गॅरेजवाले असे सगळेच त्यांना जावईबापू म्हणू लागले होते. मालकांची थोरली मुलगी, जिला सगळे ताई म्हणत, तीही तेच म्हणायची. फक्त तिच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला की ऐकणाऱ्याला वाटायचं, हिच्या दाताखाली खडा आला की काय.

दुकानाचं काम असं होतं. रोजच्या रस्त्यावर पळणाऱ्या जुन्या गाड्यांची इंजिनं दमली की गाडीवाले त्यांच्यासाठी नवीन हेड घ्यायचे. इंजिनाच्या वर बसतो तो भाग म्हणजे हेड. हवा आणि पेट्रोल आत शिरायच्या वाटा आणि धूर बाहेर पडायच्या वाटा त्यातूनच जातात. त्यांना पोर्ट म्हणायचं. चांगलं हेड परवडत नसे, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात येणारं स्वस्तातलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड घ्यायचं. त्याच्या कोपऱ्यात ओतकामाची वाळू तशीच चिकटलेली असायची, पोर्टमध्ये खडबडीत कंगोरे असायचे, आणि व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो त्या सीटच्या खाली हमखास एक पायरी राहिलेली असायची. ते घासूनपुसून सुधारायचं, इंजिनावर चढवायचं आणि डायनोवर लावायचं. डायनो म्हणजे जोर मोजायचं यंत्र. इंजिन स्टँडवर बांधायचं, त्याच्या टोकाला ब्रेक लावायचा, आणि त्या ब्रेकशी झगडताना ते किती जोर काढतंय ते कागदावर रेघ होऊन बाहेर येतं.

डायनो ताईकडे होता. मालकांनी, म्हणजे तिच्या बाबांनीच, तिला तो शिकवला होता, घासायचं कामही शिकवलं होतं. पण धाकटीचं लग्न झालं, जावई नोकरी सोडून सासऱ्याच्या दुकानात आला, आणि बाबांनी ग्राइंडर उचलून त्यांच्या हातात दिला. ताईला विचारलंसुद्धा नाही. जावयाला काय डायनोच्या खोलीत कोंडून ठेवायचं, असं बाबांना वाटलं असावं. लेकीला कोंडायला हरकत नव्हती.

आणि जावईबापू घासायचे काय, तर पोर्टचं तोंड मूठ जाईल एवढं मोठं करायचे. मग त्यात बारीक कापड फिरवून फिरवून असा आरसा करायचे की गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि त्याला त्यात स्वतःचं नाक दिसायचं. नाक दिसलं की गिऱ्हाईक खूश. ताईला त्या नाकांची मनापासून कीव यायची. वाट रुंद केली की हवेचा वेग मरतो, आणि कमी फेऱ्यांवर, म्हणजे सावकाश फिरत असताना, इंजिन लुळं पडतं. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल थेंब धरून ओघळतं, हवेत मिसळतच नाही. रस्त्यावरची गाडी सगळा जन्म कमी फेऱ्यांवर काढते. खरं काम असतं व्हॉल्व्हच्या खालच्या वाटीत आणि आतल्या वळणावर, जिथे कोणाचा डोळा पोचत नाही. नेमक्या त्या जागी जावईबापूंचा हात कधी पोचला नव्हता. तिथे पोचायला मान वाकडी करून बसावं लागतं, आणि जावईबापूंची मान फार सरळ होती.

सुरुवातीला ताईने त्यांना कागद दाखवले होते. आधीची रेघ, नंतरची रेघ. जावईबापूंनी कागद उलटा धरला नाही एवढंच. मग म्हणाले की यंत्र जुनं झालंय, आणि असं आहे ताई, हाताला जे कळतं ते यंत्राला नाही कळत. बाबा एका गिऱ्हाइकाबरोबर जवळच उभे होते. संध्याकाळी तिला एवढंच म्हणाले की घरातली गोष्ट गिऱ्हाइकासमोर काढत जाऊ नकोस. त्या दिवसापासून ताईने जावईबापूंशी बोलताना आदर वाढवला. आपण बसावं, आपण चहा घ्यावा, आपल्याला कशाला त्रास. धाकटीला ते बरोबर कळायचं आणि ती ओठ दाबून आत निघून जायची. जावईबापूंना कळायचं नाही. त्यांना वाटायचं, आता कुठे ताईंना आपली किंमत कळली.

अशात एक पाववाला आला. त्याची बेकरी होती आणि पाव पोचवायला एक म्हातारी व्हॅन होती. वाटेत एक लांब चढ होता आणि भरलेली व्हॅन तिथे धापा टाकायची. त्याने इंजिनच काढून आणलं, बरोबर स्वस्तातलं हेड, खोकंही न फोडलेलं. ताईने आधी ते हेड जसंच्या तसं बसवून रेघ काढली. मग हेड जावईबापूंकडे गेलं, आणि त्यांच्याकडून आरसा होऊन परत आलं. पुन्हा रेघ काढली. अगदी वरच्या फेऱ्यांना, जिथे पावाची व्हॅन डोंगरावरून खाली ढकलून दिली तरच पोचली असती, तिथे जोर चिमूटभर वाढला होता. खाली, चढाच्या जागी, खोक्यातल्या हेडपेक्षाही तो कमी झाला होता.

बाबा त्या दिवशी बाहेर गेले होते. ताईने पाववाल्याला दोन्ही कागद समोर धरून सगळं समजावलं. हे हेड घासलं नसतं तरी चाललं असतं, असं स्पष्ट सांगितलं. पाववाल्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "पण आवाज बघा की किती दमदार झालाय."

आवाज. ताईने कागदांची घडी घातली. मोठ्याने ओरडणाऱ्याला ताकदवान समजणाऱ्या माणसाला पुढे काय सांगणार. पाववाला जावईबापूंचा हात हातात घेऊन हलवत राहिला, आणि जावईबापू डोळे मिटून, देवळातल्या मूर्तीसारखे, तो हलवू देत राहिले.

काही आठवड्यांनी इंजिन परत आलं. व्हॅन चढ चढेना, पहिल्या गिअरमध्ये रांगत जायची, मागे गाड्यांची रांग लागायची. शिवाय रोज सकाळी रेडिएटरमधलं पाणी कमी झालेलं असायचं. पाववाला चिडला नव्हता. उलट ओशाळला होता, जणू एवढ्या मोठ्या कारागिराचं काम त्याच्या गरीब व्हॅनला झेपलं नाही. बाबांनी त्याला कार्ब्युरेटरचं काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि इंजिन डायनोवर चढवायला सांगितलं.

तापल्यावर धुराड्यातून पांढरी वाफ येऊ लागली. ताईने इंजिन बंद केलं, निवू दिलं आणि हेड उतरवलं. तिसऱ्या पोर्टमध्ये बॅटरी मारली तेव्हा त्या लखलखीत भिंतीवर नखाएवढा मंद डाग दिसला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावताच त्याचा पापुद्रा सुटला. खाली भोक होतं. स्वस्तातल्या हेडची भिंत पातळ असते. जावईबापू घासत घासत थेट हेड गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत उतरले होते. उतरले तर उतरले, हेड टाकून द्यायचं. त्यांनी त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड घातलेली पुट्टी भरली होती आणि वरून सगळ्यात सुंदर पॉलिश त्याच जागेवर केलं होतं.

ताई ते हेड घेऊन मागच्या बाकावर बसली. तिला राग यायला हवा होता, पण तिला हसू येत होतं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. इतकी वर्षं ती या माणसाला मूर्ख समजत आली होती. मूर्खाने जमेल तेवढं चुकावं, त्याचं काही वाटत नाही. पण भोक पाडून त्यावर आरसा लावायला थोडी अक्कल लागते. म्हणजे अक्कल होती. ती कुठे वापरायची हे त्यांनी नीट ठरवलेलं होतं.

जावईबापू मागे आले. हेड बघितलं, तिच्या हातातला पापुद्रा बघितला आणि दार लोटून घेतलं. आपला तोरा त्यांनी दाराबाहेरच ठेवला होता.

"ताई, बाबांना सांगू नका."

"का?"

"मग मी इथे काय म्हणून बसू?"

ताईला वाटलं होतं, पाववाल्याचं नाव निघेल, निदान लाज तरी निघेल. निघाली ती खुर्ची. धाकटीचाही उल्लेख नाही. तिच्यासाठी तरी सांगू नका, असं म्हणाले असते तर ताई कदाचित विरघळली असती. पण ते सुचायलाही दुसरं कोणी मनात असावं लागतं.

ती म्हणाली, "उद्यापासून ग्राइंडर माझ्याकडे. आपण पुढे बसा. गिऱ्हाईक आपण बघा."

तिला वाटलं, आता हा माणूस दुखावेल, निदान भांडेल तरी. जावईबापूंचा चेहरा उजळला. ग्राइंडरच्या धुळीने त्यांना खोकला व्हायचा म्हणे. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना ताई, आणि हात झटकत पुढे निघून गेले. इतकी वर्षं तिने मनात जपलेला अपमान, ते हिसकावून घेतलेलं काम, त्या माणसाला नको होतं. त्याने ते कधी मागितलंही नव्हतं. हा तिचा सगळ्यात मोठा अपमान झाला आणि तो सांगायचा तरी कोणाला.

पाववाल्यासाठी दुकानातलंच नवीन हेड काढलं. ताईने कोपऱ्यातली वाळू खरवडली, सीटखालची पायरी वाटीत मिसळून टाकली, आतल्या वळणाची धार मोडली, धुराच्या पोर्टमधले कंगोरे काढले. पोर्टच्या तोंडाला हातही लावला नाही. मान अवघडली, डोळ्यांत भुगा गेला. गॉगल पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून गुणगुणतोय, आणि ती लगेच गप्प झाली. डायनोवर रेघ खालपासूनच वर उचलली गेली होती, आणि शेवटपर्यंत कुठे डगमगली नव्हती.

पाववाला आला, वाकला आणि त्याला स्वतःचं नाक दिसलं नाही. त्याचा चेहरा पडला. याला काही केलेलंच दिसत नाही, असं तो हळूच म्हणाला. ताईने कागद पुढे केला. त्याने तो शेजारी ठेवला. ती बोलू लागली तसा तो तिच्या खांद्यावरून पुढे बघू लागला, कोणी जाणतं माणूस दिसतंय का म्हणून. आणि जाणतं माणूस आलं. जावईबापूंनी पोर्टमध्ये बोट फिरवलं, डोळे मिटले आणि सांगितलं की ही खास पद्धत आहे, ही ते सगळ्यांना करून देत नाहीत, वरून साधं दिसतं पण आत दमसास भरलेला आहे. यातला एकही शब्द खरा नव्हता आणि एकही शब्द वाया गेला नाही. पाववाल्याचा चेहरा फुलला. इंजिन परत व्हॅनमध्ये गेलं. आठवड्याने तो सांगायला आला की व्हॅन चढावर दुसऱ्या गिअरमध्ये हसत जाते, आणि पुन्हा जावईबापूंचा हात हातात घेऊन हलवत राहिला.

त्या रात्री जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "हात बदललाय."

जावईबापू पाणी पीत होते, ते पीतच राहिले. धाकटीने ताईकडे बघितलं. ताई थांबली, तिला वाटलं, आता बाबा आणखी काही बोलतील. बाबांनी भाजी मागितली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आधीही ठाऊक असणार. ज्या माणसाने तिला रेघ वाचायला शिकवली त्याला रेघ वाचता येत नव्हती थोडीच. धाकट्या लेकीचा संसार नीट राहावा म्हणून त्याने थोरल्या लेकीला जुन्या यंत्रासारखं कोपऱ्यात चालू ठेवलं होतं. ताईने त्यांच्या ताटात भाजी वाढली, थोडी जास्तच, आणि तिला कळलं की आजवर या घरात एकाच माणसाबद्दल वाटणारी तुच्छता आता दुसऱ्याबद्दलही वाटू लागली आहे.

नंतर धाकटी मोरीपाशी तिच्याजवळ आली. म्हणाली, "मला वाटायचं तू त्यांना एक दिवस हाकलून देशील. मग कोणाच्या बाजूने राहायचं ते मला ठरवावं लागलं असतं." आणि भांडी विसळत राहिली. तिला हायसं वाटलं होतं की वाईट वाटलं होतं, ते तिच्या पाठीवरून ताईला काही समजलं नाही. विचारायचंही धाडस झालं नाही.

दुकान चालायला लागलं ते असं चालायला लागलं की दुसऱ्या शहरांतून हेडं येऊ लागली. बाहेरच्या पाटीवर बाबांच्या नावाखाली जावईबापूंचं नाव आलं. ताई सकाळी मागे शिरायची ती संध्याकाळी पांढरी धूळ माखून बाहेर यायची. काम तिचं होतं, पहिल्यांदाच सगळं तिचं होतं, घासणंही आणि मोजणंही. ते तिला आवडत होतं, आणि ते पुढच्या त्या बडबडीवर उभं आहे हे तिला रोज गिळावं लागत होतं. एकदा जावईबापू तापाने आडवे पडले तेव्हा तिने स्वतः गिऱ्हाइकांना तोंड दिलं. सगळं खरं सांगितलं, कागद दाखवले. तिघांपैकी दोघे म्हणाले, जावईबापू बरे झाले की येतो.

बरे होऊन ते आले त्या सकाळी पुढे चार-पाच जण जमले होते. जावईबापू त्यांना हवेच्या वेगाबद्दल सांगत होते. तिने कधीतरी त्यांनाच सांगितलेलं, पण उलटंपालटं झालेलं. वाट लहान ठेवली की हवा तापते आणि तापली की जोरात पळते, असं काहीतरी. ते लोक माना डोलावत होते. एकाने ते लिहून घेतलं.

ताईने डायनोच्या खोलीतला मोठा पंखा चालू केला. पत्रे थरथरू लागले, कागद फडफडले, कानात दुसरं काही शिरेना. तिने इंजिनाला चावी दिली.

पुढे जावईबापूंनी आवाज चढवला.