आबांच्या हातून पडलेला लॅपटॉप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात वडील, आमचे आबा, गेले. सांगायला हवं होतं ते त्यांना, आणि ते असताना.

उद्यमनगरात आमचा लेथचा छोटा कारखाना. खंडेनवमीला आबा पाटावर हत्यारं मांडायचे, आणि मधोमध माझी पुस्तकं – घरात पहिला शिकलेला मीच होतो ना. त्या वर्षी धाकटी बहीण नंदा पुण्याहून कंपनीचा लॅपटॉप घेऊन आली. आबांनी पुस्तकं कडेला सारली. कौतुकानं तो उचलला – आणि तेलकट हातांतून तो फरशीवर पडला.

"आबा, चालू करून बघू?" नंदानं विचारलं.

"आज हत्यार चालवायचं न्हाय. आमची पक्कड दोनदा गटारात पडली, अजून चालती की!"

दसऱ्याला पूजा हलवल्यावर तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला; स्क्रीन काळाच. दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काम साहेबांपुढं दाखवायचं होतं. परदेशी कुणाला पाठवायचं, ते त्यावर ठरणार होतं. "दादा, तूच बघ की," ती म्हणाली. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवत होतो.

माडीवर नेऊन मी मागचं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी खाचेतून एका बाजूनं उचलली गेली होती – एवढंच. दाबली, आणि स्क्रीन उजळला. तिचं सगळं काम शाबूत होतं. आनंद व्हायला नको होता का? मला कडेला सारलेली पुस्तकंच दिसत होती. मी लॅपटॉप बंद केला, पट्टी पुन्हा सैल केली, स्क्रू आवळले. खाली येऊन म्हणालो, "बोर्ड गेलाय. पडल्यामुळं."

म्हणताना मी आबांकडं बघत होतो – हेही लिहायला हवं.

परदेशी दुसरंच कुणी गेलं. लॅपटॉप कंपनीनं परत घेतला. त्याचं पुढं काय झालं, घरात कुणी विचारलं नाही. नंदानं आबांना एका शब्दानं दुखावलं नाही.

काही वर्षांनी ती तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी आली. बाळ आबांपुढं धरलं. त्यांनी हात मागं घेतले.

"नगं बाई. माझ्या हातातनं निसटतंय."

"कायतरीच काय, आबा!" ती हसली.

मी समोरच बसलो होतो. तोंडाशी आलं होतं – आणि मी बशीतला चहा पिऊन टाकला. त्या नातवाला आबांनी कधीच उचलून घेतलं नाही.