गोरक्षचा गळका एसी

सोनईच्या गोरक्षला उन्हाळा कधी बाधला नव्हता. बाधला तो शेजारच्या कल्याणचा एसी.

कल्याणची बायको सविता एसीच्या नळीखाली बादली ठेवायची. ते पाणी तुळशीला घालता घालता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "एसीचं हाय. वाया कशाला घालवायचं?" तुळशीला काय, विहिरीचं अन् एसीचं सारखंच. पण त्या थेंबाथेंबानं गोरक्षच्या काळजाला भोक पडत होतं. माणसाची जातच अशी. शेजाऱ्याचा बैल दांडगा दिसला की आपला दावणीला बसल्या जागी वाळतो. आता बैल गेले, एसी आले. वाळणं काही गेलं नाही.

गोरक्ष तडक नगरला गेला आणि भंगारातून एसीचं बाहेरचं खोकं घेऊन आला. आतून रिकामं, वरून झकास. कल्याणच्या ओट्यावरून दिसेल अशा भिंतीवर ठोकलं.

"अवो, पन आत काय लावनार?" बायको बनुबाईनं विचारलं.

"आत कोन बघतंय?"

बघत होती सविता. "भाऊजी, तुमच्या एसीचं पानी कसं गळंना?"

गोरक्षनं त्याच दुपारी शेतातल्या ठिबकची नळी आणली, गच्चीवरच्या टाकीला जोडली, खोक्यामागून खाली सोडली आणि टोकाला ड्रीपर बसवला. टप्, टप्. बनुबाईनं खाली बादली ठेवली, सविताच्या बादलीपेक्षा मोठी. खोक्यामागच्या खोलीला मात्र कुलूप लागलं, आणि कुणी घरात आलं की गोरक्षचा जीव त्या कुलपात अडकून बसायचा.

वैशाखातल्या एका भर दुपारी डीपी जळाली. गावभर पंखे थांबले. गोरक्ष दारच्या लिंबाखाली बसला होता, तेवढ्यात कल्याण आपल्या आईला, दगडाबाईला, दोन्ही हातांवर उचलून धावत आला. म्हातारीची मान लटकत होती. मागून सविता पळत आली.

"गोरक्षा, खोली उघड. आईला चक्कर आली. अंग नुसतं तापलंय."

"लाईट न्हाई ना गड्या."

"मग पानी कसं गळतंय? इन्व्हर्टर घेतलास अन् सांगितलं बी न्हाई व्हय?"

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. टप्, टप्. मेलं थांबायचं नाव घेईना.

घराला जोडलेली ती खोली पत्र्याची, महिनाभर बंद. आत भाकरी भाजली असती. खरं सांगावं तर उद्या बाजारात पोरंसोरं हसणार. न सांगावं तर म्हातारी भट्टीत जाणार. त्याच म्हातारीच्या हातची भाकरी खाऊन तो मोठा झाला होता.

"किल्ली..." तो म्हणाला, "किल्ली कुठं ठिवली कोन जाणे."

"कडी तोडतो," म्हणत कल्याण दाराकडं वळला. दगडाबाईचे डोळे पांढरे होऊ लागले होते.

"थांब," गोरक्ष म्हणाला. "आत एसी न्हाई. नुसतं खोकं हाय. पानी ठिबकचं हाय."

कल्याण बघतच राहिला. हसायला कुणाला सवड नव्हती. गोरक्षनं बाज लिंबाखाली ओढली, भिंतीवरची नळी हिसडून काढली, ड्रीपर उपटून फेकला आणि पाण्याची धार गोणपाटांवर सोडली. वाऱ्याच्या बाजूला ती ओली गोणपाटं टांगली. बनुबाईनं म्हातारीच्या अंगावर ओलं लुगडं टाकलं. सविता सुपानं वारा घालू लागली. कल्याण दवाखान्याच्या गाडीला फोन लावत होता, लागत नव्हता.

बऱ्याच वेळानं म्हातारीचे ओठ हलले. पाणी मागितलं. घोटघोट प्याली, इकडंतिकडं पाहिलं.

"लई गार हाय रं गोरक्षा. कंच्या कंपनीचा हाय?"

कल्याणनं तोंड फिरवलं. हसत होता का रडत होता, ते गोरक्षनं पाहिलं नाही. सवितानं पदर तोंडाला लावला. "भाऊजी, आता बादली आमाला द्या मंग," ती म्हणाली.

फोन एकदाचा लागला, डॉक्टर येऊन तपासून गेले. लाईट आली, तरी दगडाबाई बाजेवरून हलेना. "तुज्या एसीत माजे गुडघे धरत्यात," ती लेकाला म्हणाली, "मी हितंच बरी हाय." गोरक्षची छाती दोन बोटं वर आली. बाजारात हसले ते हसले, पण कल्याणची आई कुणाच्या दारात झोपली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्यानं पलीकडं पाहिलं. कल्याणनं ओट्याला गोणपाटं टांगली होती. कोरी करकरीत, चारी बाजूंनी, आणि प्रत्येकावर वेगळी नळी.

गोरक्षनं कपबशी खाली ठेवली आणि पायात वहाणा सरकवल्या.

"अवो, चहा तर घ्या," बनुबाई म्हणाली.

"आलोच. शेतातून जरा नळ्या आनतो."