क्वार्टरबॅकची आई

मुलगा ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकायला गेला, त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला.

"आई, मी टीममध्ये सिलेक्ट झालो."

"क्रिकेटच्या?"

"नाही. अमेरिकन फुटबॉल."

मी फोनवर हात ठेवून नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "इंग्लंडमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतं कोण?" प्रश्न बरोबर होता. आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं की विद्यार्थ्यांच्या अशा पुष्कळ टीम इथं आहेत आणि थंडीभर रविवारी दुपारी कुठल्या तरी चिखलाच्या मैदानावर त्या एकमेकांशी खेळतात.

आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहत होतो. मी भूलतज्ज्ञ. नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले ती ऐंशीच्या दशकात. नवरा ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत इंजिनिअर. मुलगा एकच, इथंच जन्मलेला. तो आमच्याशी मराठीत बोलायचा, पण लिंगाचा पत्ता नसायचा. 'माझी हात', 'तो पुस्तक', मला सरळ 'तू येतो का'. पुण्याहून पाहुणे आले की हसायचे, आम्ही हसायचो, तोही हसायचा.

लहानपणापासून त्याला एक गोष्ट मात्र यायची. उन्हाळ्यात दर शनिवारी नवरा त्याला क्रिकेट क्लबला न्यायचा. बॅटिंग बेताचीच, पण सीमारेषेवरून त्यानं फेकलेला बॉल टप्पा न पडता थेट विकेटकीपरच्या हातात जायचा. नवरा शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा, "तो माझा मुलगा." पण नुसत्या फेकीवर क्रिकेटमध्ये कुणी पुढं जात नाही, हे तिघांनाही कळत होतं.

ब्रिस्टलला पहिल्या आठवड्यात खेळांचे स्टॉल लागले होते. एकानं त्याच्या हातात तो लंबगोल बॉल दिला आणि म्हटलं, फेकून बघ. त्यानं फेकला. बॉल सगळ्या स्टॉलांच्या कापडी छपरांवरून पलीकडं कार पार्कमध्ये जाऊन पडला. तो आणायला टीमचा कोच स्वतः पळत गेला आणि परत येऊन धापा टाकत त्यानं ह्याचं नाव विचारलं. हा कोच अमेरिकन. तिकडच्या हवाई दलात असताना इकडं आला, इंग्लिश मुलीशी लग्न करून राहिला. आठवडाभर पावाची व्हॅन चालवायचा आणि शनिवार-रविवार मुलांना शिकवायचा, फुकट.

नोव्हेंबरमध्ये मी पहिली मॅच पाहिली. रिंग रोडजवळचं मैदान, प्रेक्षक चाळीसएक. पाच धिप्पाड मुलं ओणवी होऊन उभी, त्यांच्यामागं माझा मुलगा. मधला मुलगा पायांमधून बॉल मागं देतो आणि तिथून सगळं ह्याच्यावर. कोण कुठं पळतोय, कोण मोकळा आहे, कुणाला द्यायचा हे तीन सेकंदांत ठरवायचं आणि तेवढ्यात समोरची तगडी मुलं त्याला पाडायला सुटलेली असतात. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. टीम जिंकली की त्याच्यामुळे, हरली की त्याच्यामुळे. त्या दिवशी त्याला सात-आठ वेळा तरी पाडलं. दर वेळी मी माझ्या पर्सचा पट्टा आवळून धरत होते. दर वेळी तो उठला.

दुसऱ्या वर्षी ते एकच मॅच हरले. विद्यार्थ्यांच्या पेपरात त्याचा पानभर फोटो आला. नवरा, जो आधी थंडीचं कारण सांगून घरी राहायचा, तो आता दर मॅचला गाडी काढायला लागला. मोटरवेवर तो मला विचारायचा, "आजची समोरची टीम कशी आहे?" जसं काही मला माहीत असणार. पण मला खरंच माहीत असायचं. सुट्टीत मुलगा घरी जाडजूड फाईल घेऊन बसायचा. त्यात त्यांच्या सगळ्या चाली. मी भाजी चिरता चिरता एकेक नाव विचारायची आणि तो डोळे मिटून सांगायचा, कोण डावीकडं पळणार, कोण आत वळणार. तीसएक चाली मलाही पाठ झाल्या होत्या. तेव्हा ह्या सगळ्यात माझा हात नव्हता असं मला म्हणता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात कोच मला बाजूला घेऊन म्हणाला की ह्याच्याहून कच्च्या हाताच्या मुलांना आमच्या अमेरिकेत स्कॉलरशिप मिळते. युरोपात व्यावसायिक टीम होत्या, त्यांच्या एका माणसानं ह्याचे व्हिडिओ मागवले होते. पुढच्या वर्षी ट्रायलला बोलावतील म्हणे. मुलानं ही बातमी मला अगदी हळू आवाजात सांगितली, मोठ्यानं बोललं तर निसटून जाईल अशी.

शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, ते झालं. मैदान गारठून दगडासारखं झालं होतं. बॉल फेकायला त्यानं हात मागं घेतला आणि त्याला न दिसणाऱ्या बाजूनं एक मुलगा येऊन आदळला. हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. तो उठला. चालायला लागला. आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्या एकानं त्याला खांद्याला धरून वळवलं आणि परत पाठवलं. आजूबाजूचे लोक हसले. नवराही हसला, मग माझ्याकडं बघून थांबला.

मी रेषेपर्यंत गेले. कोचनं हात आडवा केला.

"मॅडम, आत नाही येता येणार."

"मी डॉक्टर आहे. त्याला बाहेर काढा."

"मी विचारलं त्याला. ठीक आहे म्हणतोय. तुम्हीच विचारा."

टाइम-आउटमध्ये मुलगा रेषेजवळ आला. बाकीच्यांना कळू नये म्हणून मी मराठीत विचारलं, "आज वार कुठला?"

"आई, प्लीज."

"वार सांग."

"संडे."

मॅच रविवारीच असायच्या. मी चुकीचा प्रश्न विचारला होता. दुसरा सुचेपर्यंत त्यानं हेल्मेट चढवलं होतं. "तू मला एम्बॅरस करतोय," असं म्हणून तो गेला.

शेवटच्या मिनिटाला त्यानं अर्ध्या मैदानापलीकडं पास फेकला, तो पळणाऱ्या मुलाच्या हातात अलगद पडला आणि ते जिंकले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. कुणाकुणाच्या आईवडिलांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मीही थँक यू म्हटलं.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "आपण जिंकलो ना?" नवऱ्यानं उत्साहानं सगळं सांगितलं. दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा विचारलं, "आपण जिंकलो ना?" नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि न विचारता गाडी हॉस्पिटलकडं वळवली.

तिथं चार तास बसल्यावर एका तरुण डॉक्टरनं त्याला तपासलं. तोवर तो बराच सावरला होता. त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. एक माहितीपत्रक मिळालं, विश्रांती घ्या, तीन आठवडे खेळू नका. मी त्या डॉक्टरच्या जागी असते तर मीही तेच दिलं असतं. फायनल चार आठवड्यांनी होती.

तीन आठवडे होत आले तशी मी मधल्या वारी रजा घेऊन ब्रिस्टलला गेले. भर दुपारी त्याच्या खोलीचे पडदे ओढलेले, डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून तो पडलेला.

"खेळू नकोस," मी म्हटलं.

"डॉक्टर म्हणाला तेवढं केलं मी."

"डोकं दुखतंय तुझं अजून."

तो उठून बसला. "आई, ट्रायलवाला माणूस फायनल बघायला येणार आहे. नंतर मी रेस्ट घेईन. सहा महिने घेईन. आता नको."

"मी कोचला सांगणार."

"सांग. मी ठीक आहे असं मी सांगेन."

मी कोचला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, मॅडम. तो एकवीस वर्षांचा आहे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?" आता असतात तसे कडक नियम तेव्हा विद्यार्थ्यांच्या खेळात नव्हते, निदान आमच्यापर्यंत पोचले नव्हते. मी मुलाच्या ब्रिस्टलमधल्या डॉक्टरला पत्र लिहिलं. सभ्य उत्तर आलं की तुमची काळजी नोंदवून घेतली आहे, पण सज्ञान पेशंटबद्दल आम्हाला त्याच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. हेच वाक्य मी स्वतः किती नातेवाइकांना ऐकवलं होतं.

घरी नवरा म्हणाला, "तू डॉक्टर आहेस ना? मग काहीतरी कर."

"काय करू? कोंडून ठेवू?"

फायनलच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तयार झालो आणि निघालो. न जाण्याचा विचार आम्ही केला होता. पण मग त्याच्याजवळ कोण असणार?

फायनलमध्ये लागलं ते लागल्यासारखं वाटलंच नाही. पहिल्या अर्ध्या खेळात तो नेहमीसारखा खेळला, तीन पास तर असे फेकले की नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता. नंतर कुणीतरी त्याला नुसतं धरून खाली बसवलं. तो एका गुडघ्यावर उठला, परत बसला, मग कुशीवर आडवा झाला. त्याची बोटं हनुवटीखालचा पट्टा शोधत होती आणि त्यांना तो सापडत नव्हता. ह्या वेळी मी रेषा ओलांडली, मला कुणी अडवलं नाही. त्याची मान हलू नये म्हणून मी गुडघ्यांमध्ये त्याचं डोकं धरून बसले. त्याला उलटी झाली. त्यानं मला ओळखलं की नाही, मला माहीत नाही.

हॉस्पिटलात मला नातेवाइकांच्या खोलीत बसवलं. माझ्या निम्म्या वयाची एक रजिस्ट्रार डॉक्टर आली, आम्हाला शिकवतात तशी खुर्चीपुढं उकिडवी बसली आणि मला इथल्या पद्धतीनं 'मम', म्हणजे आई, अशी हाक मारून सावकाश बोलायला लागली. ती पुढं काय म्हणणार ते मला प्रत्येक वाक्याआधी कळत होतं. स्कॅन स्वच्छ होता. रक्तस्राव नव्हता. खेळ मात्र कायमचा बंद. दोन दिवस मी देवाचे आभार मानत होते.

मग तो स्लाऊला घरी आला आणि दहा महिने राहिला. त्याला अर्ध्या पानापलीकडं वाचता येईना. परीक्षा एक वर्ष पुढं ढकलली. कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून बागेत जाऊन उभा राहायचा, म्हणून मी कुकर माळ्यावर टाकला आणि भात पातेल्यात करायला लागले. बोलताना तो मध्येच थांबायचा. 'माझा गोळी कुठं आहे', असं म्हणायचा आणि मी हातातलं काम सोडून विचार करत बसायची, हे तो आधीही असंच म्हणायचा, की हे नवीन आहे? मी एका वहीत त्याच्या चुका लिहायला लागले. पण तुलना करायला जुनी नोंद नव्हती. आम्ही तेव्हा नुसतेच हसलो होतो. नवरा पूर्वी त्याची वाक्यं सुधारायचा, ते त्यानं बंद केलं.

कोच एकदा येऊन गेला. बरोबर चार ताजे पाव आणि सगळ्या टीमनं सह्या केलेला बॉल. टोपी हातात धरून तो वीस मिनिटं बसला. जाताना दारात म्हणाला, "माझ्या हातात होतं ते. मी त्याला बाहेर बसवायला हवं होतं." मला त्याच्यावर रागवायचं होतं. आठवडे न् आठवडे मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. मी म्हटलं, "सावकाश चालवा, रस्ता निसरडा आहे."

एप्रिलमध्ये ट्रायलचं पत्र आलं. त्यांचा माणूस फायनलला आला नसावा आणि तिथं काय झालं ते त्या लोकांपर्यंत पोचलं नसावं. मुलानं पाकीट फोडलं, दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडं दिला.

"वाच."

मी वाचलं. तारीख, शहर, विमानाचा खर्च ते देणार, येताना कुठले बूट आणायचे. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होता.

"ठेव कुठंतरी," तो म्हणाला.

एक वर्ष उशिरा तो पास झाला, सगळ्यात खालच्या क्लासमध्ये. मग ईलिंगमधल्या एका छोट्या फर्ममध्ये लागला, आधी अर्धवेळ, नंतर पूर्ण. कंट्रोल पॅनेल तपासायचं काम, शांत खोलीत. महिन्यातून दोन-तीनदा त्याचं डोकं इतकं दुखतं की तो ऑफिसला जाऊ शकत नाही. बाकी बरा आहे. मित्र आहेत, स्वतःचा फ्लॅट आहे.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, एका रविवारी तो जेवायला आला असताना मी न राहवून विचारलं, "त्या फेब्रुवारीच्या मॅचला मी आत येऊन तुला ओढून बाहेर काढलं असतं तर?"

त्यानं बराच वेळ घेतला. आता तो प्रत्येक गोष्टीला वेळ घेतो.

"मी पुढच्या मॅचला खेळलो असतो. आणि तुला सांगितलं नसतं."

"आणि मी तुला चाली पाठ करून घेतल्या, ते?"

"ते मला आवडायचं," तो म्हणाला आणि आणखी आमटी घेतली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

चार वाजता तो ट्रेनला गेला. नवरा भांडी पुसत म्हणाला, "आज बरा वाटला, नाही?"

मी हो म्हटलं. मला खरंच सांगता येत नव्हतं.