भाऊसाहेबांची नजर आणेवारी

वसमतमधल्या कोणत्या लेकराला कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळणार, हे त्या कॉलेजाच्या आधी आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना कळत असे. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं, आणि ते खोडून काढायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. सगळी नोकरी त्यांनी पिकांची आणेवारी लावण्यात घालवली होती. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्याच्या खाली किती, ते तलाठ्यानं बांधावर उभं राहून सांगायचं. आधी नजर आणेवारी, मग सुधारित, आणि पीक कापून झालं की अंतिम. सरकारनं आणे सोडून पैसे धरले त्याला जमाना झाला, पण भाऊसाहेबांनी ते मनावर घेतलं नव्हतं. निवृत्तीनंतर शेतं सुटली, सवय राहिली. लग्नाच्या पंगतीतून उठताना ते यजमानाला "वरण दहा, जिलबी सात" असं तोंडावर सांगत. हिंगोली जिल्हा नवा झाला तेव्हा पेढा खाऊन त्यांनी जिल्ह्याला आठ आणे दिले. थोरल्या जावयाला नऊ दिले होते. ते त्याच्या कानावर गेलं आणि त्या दिवाळीला तो आलाच नाही. एकदा मी त्यांना त्यांच्या संसाराचं विचारलं. म्हणाले, "नजर सहा व्हती, सुधारित अकरा. अंतिम जाहीर व्हायचीय." आत स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आदळलं. "बारा करा," ते म्हणाले.

बारावीचा निकाल लागला की त्यांचा ओटा आईबापांनी भरून जाई. मार्क ते विचारतच नसत. "मार्क म्हंजे पेरणी झाली, एवढंच." मुलाला अंगणात उभं करून ते बांधावरून फिरावं तसे त्याच्याभोवती फिरत. सकाळी कोण उठवतं, शाळेत चालत जायचास का सायकलवर, असलं काहीबाही विचारत. मग त्याचं पुस्तक मागवून, डोळे मिटून, कुठलंही पान उघडत आणि तेवढं पान समजावून सांगायला लावत. त्यातलं इंग्रजी शास्त्र त्यांना काडीचं कळत नसे. "आख्खं रान कापायचं नसतं, एक तुकडा कापून वजन करायचं," असं त्यांचं शास्त्र होतं, आणि वजन करायचे ते आवाजाचं. आवाज खाली गेला की दोन आणे कमी. मुलगा आभाळाकडे बघायला लागला की आणखी एक. मोंढ्यातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलानं पान बघून सरळ सांगितलं, "चाचा, ये मुझे नहीं आता." त्याला जागच्या जागी आठ मिळाले.

मुलांच्या बाबतीत आठ हा त्यांचा सगळ्यात वरचा आकडा. त्याच्या वर कुणालाच नाही. तरुणपणी एका गावच्या उभ्या ज्वारीला त्यांनी खुशीनं चौदा आणे लावले होते. ज्वारी होतीच तशी. पुढे कापणीच्या आधी गारा पडल्या, आणि कागदावर चौदा असल्यामुळे सरकारी मदत येईयेईपर्यंत गावानं फार सोसलं. तेव्हापासून उभ्या पिकाबद्दल त्यांनी कधी बरं म्हणून बोलायचं नाही असं ठरवलं. त्यामुळे माणसं ओट्यावरून तोंड पाडून जात, आणि प्रवेश मिळाला की त्यांना खोटं पाडायला पेढे घेऊन येत. स्वतःचा अंदाज चुकल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आमच्या थोरलीनं अर्ज केला होता तो शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कृषी विद्यापीठाचा, आणि फक्त तेवढाच. खाजगी कॉलेज आम्हाला झेपणारं नव्हतं. शिवाय माझ्या मोठ्या भावानं डोंगरकड्याचं एक स्थळ तिच्यासाठी आणून ठेवलं होतं आणि यादी लागेपर्यंत थांबायचं मोठ्या मिनतवारीनं कबूल केलं होतं. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातला माणूस. मागच्या काही वर्षांत प्रवेश किती टक्क्यांवर थांबला ते मिळवून मी तक्ता आखला. निष्कर्ष असा निघाला की काळजीचं कारण नाही. भाऊसाहेबांनी मुलीला सहा आणे दिले. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला. "अक्षर सोळा आणे," म्हणाले, आणि परत दिला.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत आमच्या प्रवर्गात ती दुसरी होती. पहिला सिद्धेश्वरकडचा एक मुलगा. शेवटची फेरी समोरासमोर होणार होती. ठरल्या दिवशी जो हजर, त्याला नंबराप्रमाणे उरलेली जागा. जो गैरहजर, त्याचा हक्क गेला. जागा किती उरतील ते कुणी सांगत नव्हतं. मुलगी घरात बोलेनाशी झाली. घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. मी नवा तक्ता मांडून बसलो होतो, तेव्हा भाऊसाहेब दारात येऊन म्हणाले, "हिशेबनीस, कागदावर आणेवारी होत न्हाई. बांधावर जावं लागतं." आणि त्या पोराचं पीक बघायला ते सिद्धेश्वरच्या एसटीत बसले.

संध्याकाळी परत आले ते सरळ आमच्या ओट्यावर. सांगायला लागले. मुलाच्या घरी मेंढरं. सगळं घर कळप घेऊन माळाला गेलेलं. विद्यापीठाचं पत्र शेजाऱ्याकडे न फोडता तसंच पडलेलं. फेरी कधी आहे, त्यांना पत्ताच नव्हता. माझी बायको तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"मंग मी माळावर जाऊन सांगितलं त्यान्ला," भाऊसाहेब म्हणाले. "कोन्ते दाखले लागतेत, कोन्ती गाडी धरायची, समदं."

मग बायको म्हणाली, "काहून सांगितलं, भाऊसाहेब? आमचं लेकरू तुमच्याच अंगणात खेळून मोठं झालं ना."

ते पायातल्या चपलांकडे बघत राहिले. "बांधावर गेलो व्हतो, माय. तिथं जाऊन डोळे कसे झाकू?"

ती सूप उचलून आत गेली. मुलगी उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आजोबा, त्याला पान वाचायला लावलं का?"

"लावलं."

"किती?"

"आठ."

"आणि मला सहा."

"तुला सहाच."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "नंबर पण आधी त्याचाच आहे." एवढं बोलून तीही आत गेली. भाऊसाहेबांनी माळावर जाऊन सांगितलं नसतं तर आमची शक्यता किती आणि आता किती, हा हिशेब त्या रात्री सहज करता आला असता. मी केला नाही.

फेरीच्या दिवशी मी आणि मुलगी निघालो, तर स्टँडवर भाऊसाहेब आधीच उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. विद्यापीठात तो मुलगा बापासोबत आलेला होता. बापाच्या खांद्यावर घोंगडी. भाऊसाहेबांना बघून बापानं हात जोडले आणि त्यांच्याजवळच पायरीवर बसला. मुलाला हाक आली. तो आत गेला आणि जागा घेऊन बाहेर आला. बापाला काय करावं सुचेना, त्यानं घोंगडी काढली आणि पुन्हा खांद्यावर टाकली. त्यानंतर आत सगळं शांत. भाऊसाहेबांनी सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. कारकून बाहेर आला, कुणाशी तरी बोलला, परत आत गेला. आणि मग आमच्या मुलीचं नाव पुकारलं.

एक जागा उरली होती. मुलगी पावती घेऊन बाहेर आली. मी नाव, शाखा, शिक्का पुन्हा पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं. मी त्या मेंढपाळाशेजारी पायरीवर बसलो. त्यानं उठून मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. भाऊसाहेब भिंतीकडून वळलेच नाहीत. पावती मी त्यांच्यापर्यंत नेऊन दाखवली.

परतीच्या गाडीत मुलगी पुढच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. गेल्या कित्येक दिवसांत तिला अशी झोप लागली नव्हती. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "दुसरी जागा नसती तं वसमतला कोन्त्या तोंडानं उतरलो असतो मी?"

मी म्हणालो, तुम्ही केलं ते बरोबरच केलं.

"बराबर व्हतं म्हून काय तकलीफ कमी व्हती का," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी निकालानंतर माणसं ओट्यावर आली, तेव्हा त्यांनी नजर अधू झाल्याचं सांगून सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. नंतर मी त्यांना हॉटेलात पेपरातल्या बारीक जाहिराती चष्म्याशिवाय वाचताना पाहिलं. कुणाला बोललो नाही. आता प्रवेश संगणकावर कळतो, आणि भाऊसाहेबही राहिले नाहीत. पण मुलगी तिथं शिकत होती ती सगळी वर्षं, सुट्टी संपवून ती निघाली की ते स्टँडवर येत. तिच्याशी फारसं बोलत नसत. गाडी निघून वळणाआड गेली तरी रस्त्याकडे बघत तिथंच उभे राहत, आणि मी चला म्हणेपर्यंत घरी वळत नसत.