वसरामच्या दारातला तांब्या

पुसेगावजवळच्या तांड्यावर कुणाचं डोकं फुटलं, की लोक आधी वसराम नाईकाकडं धावत, पोलीस पाटलाकडं नंतर. त्याची रीत ठरलेली. गुन्हा करणाऱ्यानं दुखावलेल्याच्या दारात येऊन बसायचं, चारचौघांत कबुली द्यायची. मग त्या घरच्यानं त्याला आपल्या हातानं तांब्याभर पाणी द्यायचं. खटला कोर्टात चालायचा तो चालो, वैर तिथंच मिटलं. तीस वर्षांत एकही माणूस पाण्यावाचून उठला नव्हता, आणि म्हाताऱ्याला त्याची घमेंड होती. खोटं कशाला बोला!

चार महिन्यांमागं कनेरगाव नाक्यावर सोमेश्वर नावाच्या पोरानं दारूच्या नशेत वसरामच्या नातीला, पूजाला, पिकअपखाली चिरडलं. पोरगी बारावीचा फॉर्म भरून घरी येत होती.

जामिनावर सुटलेला सोमेश्वर आज तिसऱ्या दिवशीही वसरामच्या दारात बसला होता. शेजारी त्याची आई, चतुराबाई.

"नाईक, दोनदा हिरीच्या काठावरून वढून आणलं याला," ती म्हणाली. "तुमच्या हातचं पाणी भेटलं तरच जगतो म्हणून राहिला. माझं लेकरू वाचवा."

"मीच मारलं तिला. पिलेलो होतो मी," सोमेश्वरनं पुन्हा तेच सांगितलं.

वसरामनं आत जाऊन तांब्या भरला. हात उचलेना. मरतोय तर मरू दे मेला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. कसाबसा तो उंबऱ्यापर्यंत आला.

अंगणातल्या गर्दीत रुख्मिणीबाई उभी होती. अकरा वर्षांमागं तिच्या नवऱ्याला मारणारा असाच तिच्या दारात बसला होता. तेव्हा वसराम तिच्यावर खेकसला होता, "दे की बाई पाणी, काहून येळ लावून राहिली? लोकायला कामं हायेत." तिनं दिलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. विधवा बाई, लाजत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

त्यानं तांब्या तिच्या पायाशी ठेवला.

"बाई, मी तुला घाई केली."

रुख्मिणीबाईनं तांब्या उचलून परत त्याच्या हातात दिला.

"तवा नुसता हात पुढं केला व्हता, नाईक. मनातून पाणी मला आजून देववलं न्हाई."

वसराम तांब्या धरून तसाच उभा राहिला. चतुराबाईनं पोराचा दंड घट्ट पकडला.