जांभळ्या पट्टीतली काळी रेघ

वालाच्या शेंगा सोलायला बसलं की टरफलांचा ढीग गुडघ्यापर्यंत कधी येतो ते कळत नाही. आमच्या गच्चीवरच्या मंडळींच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगायला घ्यावी तर तिच्याखालून दुसरी निघते!

मंडळी म्हणजे तीनच. माझी सून वनिता, वाशिंदच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला. शहापूरचे गुरुजी, विज्ञान शिकवून रिटायर झालेले. आणि मुरबाडचा दिनेश वेल्डर. तिघांना नाद एकच, ताऱ्याचा उजेड सोलून बघायचा. दुर्बिणीच्या बुडाला एक डबा लावतात. त्यात उजेड शिरला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टी होऊन बाहेर पडतो. मला चौथी धरली, कारण गच्ची माझी आणि चहाही माझा!

त्यांचा तारा एकटा नाही, एकमेकांभोवती फिरणारी जोडी आहे. ब्रह्महृदयाच्या शेजारचा बारका ठिपका. त्यातला एक भलामोठा तांबूस, दुसरा लहान, निळा. दोन वर्षं आठ महिन्यांनी धाकटा मोठ्याच्या आड जातो, ग्रहणच म्हणायचं, आणि महिनाभर बाहेर येत नाही. जाता जाता त्याचा उजेड मोठ्याच्या अंगावरच्या वाफेतून येतो, भाताच्या वाफेपलीकडचा दिवा दिसावा तसा. तेव्हा पट्टीच्या जांभळ्या टोकाला एक काळी रेघ रोज जाड होत जाते; तारे फिरतात, म्हणून कधी केसभर सरकतेही. ती पकडायची, एवढंच वनिताचं मागणं. मागच्या खेपेला तो ऐन पावसात लपला. पोरगी महिनाभर ढगांना शिव्या देत होती. आता फेब्रुवारीत चुकला की पुन्हा पावणेतीन वर्षं!

*

दुर्बिणीचं स्टँड दिनेशकडं दिलं. त्याचा जन्म गेला गेटं आणि ट्रॉल्या करण्यात. वनितानं सांगितलं, "दुर्बिणीचं वजन आठ किलो. पण हलता कामा नये."

दोन महिन्यांनी टेम्पो आला. स्टँड उतरवायला सहा माणसं! जिन्यातून जाईना, म्हणून वर चढवायला जेसीबी बोलावला.

मी म्हटलं, "दिनेश, आठ किलोला हे?"

"आजी, भूकंप झाला तर घर पडंल, स्टँड नाय पडायचं!"

गुरुजींनी हळूच विचारलं, "घर पडल्यावर ते उभं कशावर राहणार रे?"

दिनेश दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो गच्चीखाली लोखंडी खांब लावायला!

*

पट्टीत कुठला रंग कुठं पडतो ते आधी एका ठरावीक दिव्यावरून ताडून घ्यावं लागतं. जांभळ्या टोकाला ट्यूबलाइटचा जुना स्टार्टर चालतो, असा गुरुजींनी शोध लावला. एलईडीच्या जमान्यात स्टार्टर कुठून आणायचा? आमच्या गोठ्यातून! तो नीट पेटेना, म्हणून शेजारच्या गोठ्यातला. मग देवळातला.

आठवड्याभरात अर्धी आळी काळोखात. भजनाचे बुवा तणतणत आले. "वनिता, तुझ्या ताऱ्यापायी देवाला अंधारात बसवलंस?"

गुरुजी चहाचा घोट घेत म्हणाले, "बुवा, तुमचं सगळं पाठ आहे ना? मग दिवा कशाला लागतो?"

खरी गोष्ट बाहेर पडली. निम्म्या मंडळाचं पाठ नव्हतं!

*

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं व्हायचंय. एका दुपारी वनितानं डबा आभाळाकडं धरला आणि उन्हाच्या उजेडाची पट्टी आम्हाला नुसत्या डोळ्यांनी दाखवली.

गुरुजींनी बघितलं. "जांभळा इथं संपला. पुढं काळोख."

मी डावा डोळा लावला. गुरुजींचं बरोबर. मग उजवा लावला. "संपतोय कसला? आजून बोटभर पुढं हाय की! आन त्यात दोन जाड काळ्या रेघा हायत."

"मावशी, तिथलं माणसाला दिसत नाही."

"मंग मी कोन?"

वनितानं कॅमेरा लावला. बोटभर पुढं, दोन जाड काळ्या रेघा! म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडून जांभळा अडवतं म्हणे. माझं काढून टाकलेलं!

गुरुजींनी तडक डोळ्यांचा डॉक्टर गाठला. "माझंही भिंग काढा."

डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू अजून कच्चा आहे. पुढं मार्चमध्ये बघू."

"मार्चमध्ये कसं चालेल? फेब्रुवारीत ग्रहण आहे!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गुरुजी, जन्मभर विज्ञान शिकवलंत आणि ग्रहण पाळता?"

*

डब्यात बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून वर जाड काळं पांघरूण हवं होतं. म्हसाच्या जत्रेत घोंगड्या छान मिळतात. गुरुजी तिथं भर दुपारी एकेक घोंगडी डोक्यावरून घेऊन आतला काळोख तपासायला लागले. दुकानदार म्हणाला, "उबेला चांगली हाय." आतून आवाज, "ऊब नको, काळोख पाहिजे!"

पाचवी घोंगडी घेतली ती दहा मिनिटं बाहेरच येईनात. लोक जमले. कोणाला वाटलं, अंगात आलंय. एका बाईनं पाया पडून विचारलं, "देवा, माझ्या पोरीचं लगीन जमंल का?"

आत गुरुजींना काय ऐकू येणार? मोठ्यानं म्हणाले, "थोडा उजेड दिसतोय!"

बाईनं तिथंच नारळ फोडला!

*

माझे व्याही तारा बघायला मुद्दाम आले. वनितानं लॅपटॉपवर पट्टी दाखवली. उभ्या काळ्या-पांढऱ्या रेघाच रेघा.

व्याह्यांनी मान हलवली, खिशातून फोन काढला आणि पट्टीसमोर धरून उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

"स्कॅन होत नाय," म्हणाले. "तुमच्याकडं नेट नाय काय?"

*

शेवटी फेब्रुवारी आला, आणि त्याच्याबरोबर राब. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आमच्याकडं पाला, शेण पसरून जाळतात, तो राब. गुरुजी म्हणाले, "धूर सगळ्यात आधी जांभळा उजेडच खातो. तारा आड जायच्या आधीचे चार दिवस धूर नको."

वनिताचा चेहराच उतरला. तिच्या ताऱ्यासाठी कोण थांबणार?

मी निघाले. घरन्‌घर फिरले. "चार संध्याकाळी राब पेटवू नका, पोरीचा तारा लपतोय." लोक हसले, पण थांबले. उरली माझी चुलत जाऊ. तिचं माझं मधल्या बांधावरून तीस वर्षांचं वाकडं. दर पावसाळ्यात आम्ही बांध हातभर तिच्याकडं ढकलतो, असं ती अख्ख्या गावाला सांगते.

"तुझ्या सुनेपायी मी थांबू?"

"जाऊबाई, पोरीसाठी थांबा. माझ्यासाठी नको."

"थांबते. पन ती रेघ मला दाखवायची. माझ्या डोळ्यांनी!"

तीन दिवस आभाळ घासल्या ताटासारखं. रेघ रोज जाड. चौथी संध्याकाळ शेवटची. जाऊबाई दिवेलागणीलाच गच्चीवर येऊन खुर्ची धरून बसली. वनितानं तारा धरला, घोंगडी सारखी केली, आणि धुराचा वास आला!

"कोन मेला तो?" जाऊबाई कठड्याशी धावली. "अगो, हा तर तुमचाच राब!"

आमचे हे! मी सगळं गाव फिरले, घरात सांगायचं राहिलं!

दिनेश बादली घेऊन धावला. जाऊबाई वरून ओरडली, "पानी नको रे, धूर वाढंल! माती टाक, माती!" आणि ओरडता ओरडता स्वतःच खाली. पदर खोचला, फावडं घेतलं. ज्या बांधावरून तीस वर्षं भांडली, त्याच बांधाची माती ओढून आमच्या राबावर टाकत होती! आमचे हे काठी टेकून नुसते बघत उभे.

तासाभरात धूर विरला. तारा अजून वर होता. वनितानं एकामागून एक चार फोटो घेतले. मग ती लॅपटॉपवर वाकली.

"आई, आली! कालच्यापेक्षा जाड!"

गुरुजींनी टोपी काढली. दिनेशनं स्टँडला हात जोडले. जाऊबाईनं मातीचे हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि लॅपटॉपला नाक टेकवलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं तिरका डोळा करून वनिताला विचारलं,

"खरं सांग पोरी. रेघ जागच्या जागी हाय, का हितं पन सरकवलीत तुमी?"

वनितानं मोजून बघितलं. पुन्हा मोजलं. माझ्याकडं बघितलं.

"सरकलीय, काकी. जराशी."

"मला म्हायतीच होतं!"